मोठे होण्याआधी ऐकलेले कलाकार, आणि आता गोव्यात कुठे जाऊन ऐकायचं? सल्ला हवाय

कुळागर
नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळचा, आयटीत आहे, बेंगळुरूचं भाड्याचं घर सोडून आता घरूनच काम करतो. आमच्या पडवीवर बाबा आणि त्यांचे दोस्त जमले की एकच विषय असतो, याला आम्ही कोणी ओळखत नव्हतं तेव्हा ऐकलाय, तिचं गाणं आम्ही चटईवर बसून ऐकलंय, नि मग माझ्याकडे बघून "तुमचं काय, तुम्ही यूट्यूबवाले". खरं आहे म्हणा. मी ज्यांना ज्यांना प्रत्यक्ष ऐकलं ते सगळे आधीच मोठे झालेले होते, मी मागच्या रांगेत आणि ते एलईडी स्क्रीनवर.
तर दोन गोष्टी हव्यात. एक, तुम्ही कोणाला अगदी सुरुवातीच्या काळात ऐकलंय ते सांगा, शास्त्रीय, नाट्यसंगीत, पॉप, काहीही चालेल. आणि दुसरी, जी खरी गरज आहे, या सीझनला गोव्यात कुठे गेलो तर उद्याचा मोठा कलाकार आज जवळून ऐकायला मिळेल? मला राग ओळखता येत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो.

तिसरी_घंटा
तुझे बाबा माझ्याच पंगतीतले दिसतात. मी मूळ म्हापशाचा, शाळा गिरगावात काकांकडे. काका गोवा हिंदू असोसिएशनच्या नाटकांचे भक्त, म्हणून 1964 साली मत्स्यगंधा आलं तेव्हा मला हाफ पँटमध्ये घेऊन गेले. पराशर होते रामदास कामत, आमच्या म्हापशाचे, आणि सत्यवती आशालता, त्याही गोव्याच्याच. संगीत देणारा मंगेशीचा जितेंद्र अभिषेकी म्हणून कोणी आहे एवढंच काकांनी सांगितलेलं, तेव्हा अभिषेकीबुवा पस्तिशीतही नव्हते आणि घराघरात नाव वगैरे काही नव्हतं. गुंतता हृदय हे सुरू झालं आणि वन्समोअरचा जो आवाज उठला तो मला अजून आठवतो, नाटक काय चाललंय ते मला कळत नव्हतं पण लोक एवढे का ओरडतायत ते बरोबर कळलं. मग 66 ला ययाती, 67 ला कट्यार. तीन-चार वर्षांत माणूस कुठल्या कुठे गेला. तेव्हा आम्हाला वाटायचं नाट्यसंगीत असंच असतं, दरवर्षी एक असं येणार. तसं नसतं रे.
सल्ला विचारशील तर संगीत नाटक बघ. कुठलंही, आणि गावच्या जत्रेतलं आधी.

मांडवीकाठ
मी सांगतो पॉपवाली. आम्ही पणजीत कॉलेजला होतो तेव्हा रेमो फर्नांडिस म्हणजे "तो शिवोलीचा, आर्किटेक्ट असून गाणी म्हणतो तो". 1984 ला गोवन क्रेझी हा त्याचा अल्बम आला. मुंबईच्या कंपन्यांनी नाही म्हटलं म्हणून घरातच रेकॉर्ड केला, जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून, आणि कॅसेटी स्कूटरवरनं स्वतः दुकानादुकानात नेऊन द्यायचा. आता कोणी सांगितलं तर वाटतं मार्केटिंगची स्टोरी असेल, पण आमच्यातल्या एकाने कॅसेट अशीच घेतलेली आणि पुढे वर्षभर ती आमच्या सगळ्यांच्या घरी फिरली, परत कधीच त्याला मिळाली नाही. स्टेजवर एकटा माणूस, गिटार, मध्येच बासरी काढायचा, आणि गाणी आपल्याबद्दल, म्हणजे आपले रस्ते, आपले पुढारी, आपली दारू. तोपर्यंत इंग्रजी गाणं म्हणजे दुसऱ्याच कुणाबद्दल असायचं ना. राजीव गांधी गोव्यात आले तेव्हा त्यांच्यासमोरच त्यांना उद्देशून गाणं म्हटलं, पेपरात बराच गदारोळ झाला. मग 87 ला जलवा सिनेमात गायला आणि आपला रेमो सगळ्या देशाचा झाला, आम्हाला जरा वाईटच वाटलं :)

शुद्धसारंग
रेमो आणि अभिषेकीबुवा एकाच धाग्यात? विषय "मोठे कलाकार" असा आहे ना. जरा तारतम्य.

मांडवीकाठ
@शुद्धसारंग विचारणाऱ्याने पॉप चालेल असं वर लिहिलंय. वाचून लिहा बाब.

रापणकार
भांडू नका मरे. मंगेशीच्या आरतीला टाळ धरणारा माणूस रात्री तियात्राला, म्हणजे कोकणी नाटकाला, जातो आपल्याकडे, आणि दोन्हीकडे पुढची जागा पकडायला धडपडतो.
माझं नाही, माझ्या पप्पांचं सांगतो. ते साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईत चर्चगेटला एका हापिसात क्लार्क. तिथे अॅस्टोरिया हॉटेलात व्हेनिस म्हणून जागा होती, ख्रिस पेरीचा बँड आणि गायला लॉर्ना, विशीतली पोर. आत जायचे पैसे कुठले, पण म्हणे संध्याकाळी त्या बाजूने चालत गेलं की बरं वाटायचं. नंतर बेब्दो वगैरे कोकणी रेकॉर्ड्स आल्या तेव्हा पप्पा सगळ्यांना सांगत फिरायचे की हिला मी आधीच ऐकलंय. आई म्हणायची भिंतीला ऐकलंय तुम्ही. मग लॉर्ना कित्येक वर्षं गायचीच बंद झाली, आणि 1995 ला परत आली तेव्हा पप्पांनी पहिल्यांदा तिकीट काढून ऐकलं. त्यांचं मत असं की आवाज जाड झालेला पण हुकूम तोच.

पावसाळी_बेडूक
मला एक शंका. हे "आम्ही आधीच ऐकलेलं" म्हणणारे जितके भेटतात तितके लोक त्या सभामंडपात मावले तरी असते का? तबलजी खापरुमामांच्या एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायाने तिसरा आणि तोंडाने चौथा, हे मी स्वतः पाहिलं म्हणून मला एका गृहस्थांनी रंगवून रंगवून सांगितलं. खापरुमामा पर्वतकर गेले 1953 ला. गृहस्थांचा जन्म 1958 चा.

तिसरी_घंटा
हाहा. ते वडिलांच्या डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

सूरपेटी
मी पेटी शिकते आणि शिकवते, वीसेक वर्षं साथीला स्टेजच्या कोपऱ्यात बसतेय, म्हणून माझं उत्तर थोडं लांबेल, माफ करा.

कुळागर, आधी हे समज की तुला हवा असलेला कलाकार पोस्टरवर मोठ्या अक्षरात नसतो. तो एकतर पहिला गातो नाहीतर मागे बसलेला असतो. कुठल्याही मोठ्या गवयाच्या मैफलीत मागे तंबोऱ्यावर दोघं असतात बघ, लोकांना वाटतं ते नुसती तार छेडायला आहेत. बहुतेक वेळा ते शिष्य असतात, आणि मध्येच बुवा किंवा बाई मान वळवतात, एक जागा त्यांच्यासाठी सोडतात आणि तो मागचा पोरगा किंवा पोरगी एक आलाप घेऊन परत गप्प बसते. तेवढ्या अर्ध्या मिनिटाकडे लक्ष दे. किशोरीताई आमोणकर लहान वयात अशाच आई मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तंबोरा घेऊन बसायच्या, आईबरोबर गावोगाव फिरायच्या, आणि आयोजक आईला कसं वागवतात तेही बघायच्या. पुढे त्या स्वतःच्या मैफलीच्या बाबतीत एवढ्या कडक का होत्या याचं अर्धं उत्तर मला तरी तिथेच दिसतं. आता विचार कर, त्या काळात त्या मैफलीला गेलेल्यातल्या कितीजणांनी मागे बसलेल्या मुलीकडे बघितलं असेल?

आणि खुद्द मोगूबाई! कुर्डीची मुलगी, लहानपणीच आईबरोबर चंद्रेश्वर भूतनाथ नाटक मंडळीत, आई लवकर गेली, नाटक कंपन्या बदलल्या, मग आजारपणात सांगलीला आल्या. तिथे घरात रियाज चाललेला असताना रस्त्याने जाता येता तो आवाज कानावर पडला कोणाच्या तर अल्लादिया खाँसाहेबांच्या, आणि त्यांनी स्वतःहून शिकवायचं ठरवलं. 1919 च्या आसपासची गोष्ट, मोगूबाई पंधराच्या. म्हणजे ज्याने पहिल्यांदा ओळखलं त्याने तिकीट वगैरे काढलेलं नव्हतं, तो रस्त्यावरून चाललेला.

आता कुठे जायचं ते. कला अकादमीचा सुरश्री केसरबाई केरकर समारोह, सहसा नोव्हेंबरात असतो पण तारीख पेपरात बघून घे. दरवेळी मी बघते, लोक मुख्य कलाकाराच्या वेळेला चहा पिऊन आरामात येतात आणि पहिल्या सत्रात अर्धं सभागृह रिकामं. अरे तेच तर ऐकायचं! तिथे बऱ्याचदा गोव्यातला किंवा बाहेरचा नवीन गाणारा असतो, तासभरच मिळालेला असतो, घाबरलेला असतो, आणि म्हणून जीव तोडून गातो. मुख्य कलाकाराला काही सिद्ध करायचं नसतं, याला असतं. अभिषेकीबुवांच्या नावाचा महोत्सवही सोडू नकोस. शिवाय अकादमीच्याच संगीत विद्यालयाच्या मुलांचे कार्यक्रम आणि भजनी स्पर्धा. भजनी स्पर्धेला शहरातले रसिक नाक मुरडतात, पण एका दिवसात इतके नवे गळे आणि इतके पखवाजवाले दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाहीत.

बसायचं कुठे तेही सांगते. गाणाऱ्याच्या उजव्या हाताला तबला असतो, म्हणजे तुला समोरून डावीकडे. पेटी तुझ्या उजवीकडे. तू उजव्या बाजूला तिसऱ्या चौथ्या रांगेत बस, तिथून गाणारा आणि तबलजी यांची नजरानजर दिसते. राग कळत नसला तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोण कोणाला पकडतंय ते दिसतं, तेवढं पुष्कळ आहे.

कुळागर
@सूरपेटी ताई हे वाचून सरळ बसलो. तंबोऱ्यावाल्यांकडे आजपर्यंत एकदाही बघितलेलं नाही. केसरबाई म्हणजे त्याच ना, अंतराळात गेलेल्या?

सूरपेटी
त्याच. फोंड्याच्या केरीच्या, तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. जात कहां हो, भैरवीतलं, साडेतीन मिनिटं, 1977 ला नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या तबकडीवर गेलं. ती दोन यानं ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि बाई 16 सप्टेंबरला गेल्या. पण तुझ्या विषयात बसणारी गोष्ट वेगळी आहे, केसरबाईंची सुरुवातीची तालीम एका जागी झालीच नाही, लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेब, मग इकडे वझेबुवा लामगावला यायचे तेव्हा त्यांच्याकडे, आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंध, म्हणजे रीतसर गंडा बांधलेल्या, शिष्या झाल्या तेव्हा तिशीला टेकलेल्या. म्हणजे विशीत त्यांना ज्याने ऐकलं त्याने पूर्ण झालेल्या केसरबाई ऐकल्याच नव्हत्या. तू आज ज्याला ऐकशील तोही अर्धाच असणार, हे लक्षात ठेवून ऐक आणि घरी येऊन लगेच कमेंट टाकू नकोस की तयारी कमी आहे.

म्हार्दोळची_जाई
सूरपेटीताईंना अनुमोदन, फक्त एक भर. सभागृहाच्या आधी देवळं आहेत! नवरात्रात मखरोत्सवाला, म्हणजे देवाला सजवलेल्या मखरात बसवून झुलवतात त्या उत्सवाला, ये आमच्याकडे म्हार्दोळला, कवळ्याला, नागेशीला, जिथे जमेल तिथे. कीर्तन होतं, मग मखर हलवतात, तोबा गर्दी असते, घंटा, झांजा, आणि त्या सगळ्या आवाजात कोणीतरी भजन धरतं. त्यात टिकणारा आवाज कुठेही टिकतो असं माझी आजी म्हणायची. आमच्या शेजारची एक मुलगी आठवी-नववीत असताना तिथे अभंग म्हणायची, पहिल्यांदा म्हणाली तेव्हा माइक बंद पडला आणि तिला कळलंच नाही, ती म्हणत राहिली आणि हळूहळू लोकच गप्प झाले. आता ती मुंबईत असते आणि चांगल्या चांगल्यांच्या मागे स्वरसाथीला दिसते. नाव देत नाही, तिला आवडणार नाही.
शेवटी अभिषेकीबुवांचे वडील मंगेशीचे पुजारी आणि कीर्तनकारच होते ना. देवाला अभिषेक करणारं घर म्हणून ते आडनाव. गाणं घरात आलं ते देवळातून आलं.

आणि मे महिन्यात कुर्डीला जाऊन ये. साळावली धरणाचं पाणी उतरलं की गाव वर येतं, सोमेश्वराच्या देवळात तिथले विस्थापित लोक जमतात, उत्सव करतात. तिथे मोगूबाईंच्या घराच्या खुणा दाखवतात. हे ऐकण्याच्या यादीत बसत नाही पण जा.

दर्यावर्दी
वास्कोवाल्यांना विसरलात काय सगळे?? दामोदर भजनी सप्ताह! श्रावण शुद्ध सप्तमीला सुरू होतो, चोवीस तास अखंड भजन, आणि रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, येतात आणि भर रस्त्यावर गायनाच्या बैठका लागतात. मुंबई-पुण्याचे गायक येतात, फुकट, तिकीट नाही, पास नाही, पाच हातांवर बसून ऐकायचं. वरून पाऊस, बाजूला भज्यांचा घाणा, पिपाणी वाजवत पोरं पळतायत, आणि मध्ये माणूस विलंबित ख्याल गातोय. जो तिथे रंगवतो तो खरा. आमच्या दुकानासमोर बैठक व्हायची लहानपणी, मी पायरीवर बसून ऐकलेले दोन-तीन जण आज कॅलेंडरवाले कलाकार आहेत, पण तेव्हा आमचं अर्धं लक्ष फेरीतल्या खेळण्यांकडे. ज्यांना शांतता पाहिजे त्यांनी येऊ नये, बाकी सगळ्यांनी यावं. गाडी मात्र लांब लावून चालत या.

शुद्धसारंग
रस्त्यावरच्या बैठकीत ख्याल ऐकणं म्हणजे कलाकारावर अन्याय आहे असं माझं मत. पण गर्दी होते हे मान्य.
माझी आठवण देतो. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा 2010 च्या सुमारास राहुल देशपांडेने कट्यार परत रंगभूमीवर आणलं. आजोबांची, म्हणजे वसंतराव देशपांडेंची भूमिका नातू करतोय म्हणून कुतूहलाने गेलो. राहुल चांगलाच, पण सदाशिव झालेला मुलगा गायला लागला आणि माझ्या शेजारच्या काकूंनी पुढच्या सीटवर वाकून विचारलं हा कोण हो. महेश काळे. अभिषेकीबुवांच्या घरी राहून शिकलेला, म्हणजे परत आपल्याकडेच धागा आला. पाच वर्षांनी सिनेमा आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि आता तिकीट मिळत नाही.

रापणकार
बघा, शुद्धसारंगसुद्धा नाटक-सिनेमावर आले :D

शुद्धसारंग
संगीत नाटक शास्त्रीयच असतं.

माहीमची_माशेली
आमचं घर माशेलचं पण आम्ही माहीमला वाढलो. झाकीर हुसेन सेंट मायकलचे, माझे मोठे भाऊही त्याच शाळेत काही वर्षं मागे. भाऊ सांगायचा तो बाकावर बोटं वाजवायचा वगैरे, ते मी सोडून देते कारण ते प्रत्येकजण सांगतो (बेडूकरावांचा मुद्दा पटला). पण सत्तरच्या दशकात एका छोट्या म्युझिक सर्कलमध्ये मी त्यांना साथीला ऐकलंय, ते खरं. मुख्य कलाकार ज्येष्ठ सतारिये होते, आणि ते आलाप करत होते तो सगळा वेळ हा कुरळ्या केसांचा मुलगा हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून ऐकत बसलेला. अर्धा पाऊण तास. तबल्याला हात नाही. मला आठवतं ते वाजवणं कमी आणि ते ऐकणं जास्त. नंतर जगभर नाव झालं, 2024 च्या डिसेंबरात ते गेल्याची बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा तो मांडीवरचा हातच दिसला.
तेव्हा माझा सल्ला, साथीदाराकडे बघायचं असेल तर तो वाजवत नसतो तेव्हा बघा.

सूरपेटी
@माहीमची_माशेली हे मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना?
पेटीवाल्यांबद्दलही कोणीतरी लिहा रे. तुळशीदास बोरकर आपल्या बोरीचे, पी. मधुकरांचे शिष्य, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मैफली सजवल्या आणि पद्मश्री 2016 ला, वय ऐंशीच्या पुढे. साथीदाराला लोक उशिरा ओळखतात एवढंच.

माहीमची_माशेली
चालेल बाय, खुशाल.

कुळागर
सगळ्यांना देव बरें करूं. आतापर्यंत मी असं ठरवलंय: पावसात वास्को, नवरात्रात म्हार्दोळ, नोव्हेंबरात कला अकादमी आणि वेळेवर, म्हणजे पहिल्या गाणाऱ्याआधी. दोन शंका. एक, जुन्या गोव्याला डोंगरावरच्या चॅपलमध्ये मोंतीचा संगीत फेस्टिव्हल असतो तो या हिशेबात कसा आहे? आणि दुसरी, मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर चालतं का, बाबांना दाखवायला.

मांडवीकाठ
मोंत सुंदर. संध्याकाळी बाहेर उघड्यावर एक कार्यक्रम, खाली मांडवी, मग आत चॅपलमध्ये दुसरा, आणि आतला आवाज माइकशिवाय काय घुमतो. पाश्चात्त्य क्लासिकल, पोर्तुगीज फादो गाणी, आपलं भारतीय, सगळं. गोव्यातली तरुण मुलं पियानो, व्हायोलिन किती चांगलं वाजवतात ते तिथे कळतं. आणि तसं बघायला गेलं तर हिंदी सिनेमाचे अर्धे अरेंजर आणि वादक आपल्याच चर्चच्या शाळांतून शिकून गेले, माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसनी तर लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. त्या पोरांना कोणी लवकर ऐकलं असेल तर गावच्या पाद्रीने! लवकर जा, जागा कमी असते.

शुद्धसारंग
रेकॉर्डिंग नको. एक तर समोरच्या स्क्रीनमुळे मागच्याला त्रास, दुसरं म्हणजे नवीन कलाकार प्रयोग करतो, एखादी जागा चुकते, आणि तीच क्लिप आयुष्यभर फिरते. मोठ्यांचं काही बिघडत नाही, नव्यांचं बिघडतं.

पावसाळी_बेडूक
यावर मी पहिल्यांदाच शुद्धसारंगांशी सहमत. नोंद घ्या.

दर्यावर्दी
वास्कोला सगळे रेकॉर्ड करतात, कोण कोणाला सांगणार. पण बाबांना दाखवण्यापेक्षा बाबांनाच घेऊन ये की. खुर्ची मी देतो दुकानातली.

तिसरी_घंटा
जत्रेतल्या नाटकाचं माझं राहिलंच. कुळागर, तुझ्याच आजूबाजूच्या गावांत डिसेंबर ते मे जत्रांत संगीत नाटकं होतात, सौभद्र, मानापमान, संशयकल्लोळ, गावातलीच मंडळी करतात, शिक्षक, बँकेतले, कोणी पंचायतीत. रात्री दहाला सांगतात, सुरू होतं साडेअकराला. ऑर्गनवाला बाहेरून बोलावलेला असतो, त्याच्याकडे बघून कळतं आज रंगणार की नाही. बऱ्याचदा नारदाचं काम एखाद्या कोवळ्या पोराला देतात, कारण पहिलं पद म्हणून तो मोकळा होतो. तो नारद चुकवू नकोस. आणि आवडला तर वन्समोअर दे, मोठ्याने. नव्या माणसाला त्याची किंमत फार असते, लाजू नकोस.

कुळागर
नारदासाठी साडेअकरापर्यंत जागायचं म्हणजे दुसऱ्या दिवशीचं सकाळचं स्टँडअप कॉल बुडणार. चालेल.

म्हार्दोळची_जाई
एवढं थांबायचं कशाला, येत्या शनिवारी आमच्या वाड्यावरच्या देवळात भजन आहे, आठच्या आसपास सुरू होईल. मोठं नाव एकही नाही. पखवाजावर माझा भाचा आहे, बारावीला आहे, लय जरा पुढे पळवतो, तेवढं सांभाळून घ्या. चण्याची उसळ आणि चहा असतो.

पावसाळी_बेडूक
उसळ नक्की असेल तर मी पण येतो. वीस वर्षांनी सांगायला बरं, याला मी आधीच ऐकलेला.